हास्केलमध्ये फाइलमधले आकडे वाचणं: रीडची भानगड कुठून आली

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत टेक्स्ट फाइलमधले आकडे वाचायचे म्हटलं की नवीन माणूस हमखास एकच ओळ लिहितो, फाइल घ्या, लाइन्स या फंक्शनने ओळींत तोडा, प्रत्येक ओळीवर रीड (मजकुरातून व्हॅल्यू काढणारं फंक्शन) चालवा. छोट्या फाइलला चालून जातं. पण ओळी लाखांत गेल्या की प्रोग्रॅम रांगायला लागतो, आणि मधेच एखादी रिकामी ओळ निघाली की "नो पार्स" (वाचता आलं नाही) म्हणून सरळ बंद पडतो, कुठल्या ओळीवर अडलं तेही सांगत नाही!

खरं तर रीड डेटा फाइलसाठी बनलेलंच नाही. शो या फंक्शनने व्हॅल्यूची जी स्ट्रिंग (मजकूर) होते ती परत व्हॅल्यूत आणायची, म्हणजे हास्केलचंच व्याकरण वाचायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून त्याला (१२) असा कंसातला आकडा चालतो, आजूबाजूला स्पेस चालते, पण +५ किंवा .५ चालत नाही, कारण हास्केलच्या कोडमध्ये तसं लिहिताच येत नाही. हास्केल ९८ मध्ये (भाषेची जुनी अधिकृत आवृत्ती) त्याच्या खाली रीड्स होतं (अजूनही आहे), ते "व्हॅल्यू आणि उरलेली स्ट्रिंग" अशा जोड्यांची लिस्ट देतं आणि लिस्ट रिकामी आली तर जमलं नाही असं समजायचं. ही आयडिया संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॅडलरच्या १९८५ च्या पेपरमधली.

स्पीडचं दुखणं वेगळं. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची लिंक्ड लिस्ट (प्रत्येक अक्षर पुढच्याकडे बोट दाखवतं), ६४ बिट जीएचसीवर (हास्केलचा नेहमीचा कंपायलर) एका अक्षरामागे २४ बाइट जातात, तेच फाइलमध्ये साधं इंग्रजी अक्षर १ बाइटचं. १० एमबीची फाइल अख्खी मेमरीत धरली की २४० एमबी गेले, आकडे अजून वाचलेच नाहीत.

यावर उपाय म्हणून बाइटस्ट्रिंग ही मजकूर सलग बाइटमध्ये ठेवणारी लायब्ररी आली, डॉन स्ट्युअर्ट, डंकन कूट्स आणि रोमन लेश्चिन्स्की यांचा पेपर २००७ चा. त्यातलं रीडइंट आकडा आणि उरलेला मजकूर देतं, नाहीतर नथिंग. म्हणजे रीड्सचाच साचा, फक्त लिस्टच्या जागी मेबी (एक व्हॅल्यू, नाहीतर नथिंग म्हणजे काहीच नाही). स्टँडर्ड एमएल या दुसऱ्या भाषेच्या बेसिस लायब्ररीत असंच ऑप्शन (तिथलं मेबी) देणारं स्कॅन होतंच, पण तिथलं फ्रॉमस्ट्रिंग "12abc" मधून गुपचूप १२ काढून देतं, ते मला तरी डेंजर वाटतं.

रीडमेबी (न जमलं तर नथिंग देणारं रीड) मात्र बेसमध्ये, म्हणजे हास्केलच्या मूळ लायब्ररीत, यायला २०१२ उजाडलं, ओकॅमल या भाषेला तसंच फंक्शन २०१७ मध्ये ४.०५ ला मिळालं. रीडमेबीने प्रोग्रॅम मरत नाही, पण आत तेच जुनं व्याकरण आणि तीच स्ट्रिंग, त्यामुळे स्पीड जैसे थे. मोठ्या फाइलला रीडइंटच बरं, ते +५ पण घेतं, फक्त आकड्याआधीची स्पेस आपणच काढून द्यायची.