एक लाख किलोमीटरचा गुणाकार

"शरीरातल्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी एक लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला अडीच वेढे!" हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर फिरतच असतो. परवा भाच्याने विचारलं, "मामा, मोजलं कुणी?"

मोजलं नाही, गुणाकार केला. आकडा ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाचा. केशवाहिन्यांवरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना 1920 चं नोबेल मिळालं. माणसाचे स्नायू 50 किलो आणि स्नायूच्या दर चौरस मिलिमीटर छेदात 2000 केशवाहिन्या, असं त्यांनी धरलं. 50 किलो म्हणजे ढोबळमानाने 5 कोटी घन मिलिमीटर. दर घन मिलिमीटरात 2000 मिलिमीटर नळी, म्हणून गुणिले 2000, झाले लाख किलोमीटर! पण 50 किलो स्नायू पैलवानाचे. साधारण पुरुषाचे तिसेक किलो, आणि केशवाहिन्या दर चौरस मिलिमीटरला तीन-चारशे. आता गुणा: दहा हजार किलोमीटरच्या आसपास. वेढा कसला, पाव फेरी.

तरी एवढं जाळं हवंच कशाला? कारण ऑक्सिजन केशवाहिनीतून पेशीत नुसता झिरपत जातो, आणि झिरपण्याचं गणित फार वाईट: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट. काही मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) क्षणही लागत नाही, सेंटिमीटरभराला कित्येक तास जातील. म्हणून नळी पेशीच्या दारातच हवी. ती केसाच्याही दहाव्या हिश्शाएवढी, भिंत एका पेशीच्या जाडीची. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, नळी कधी पाचच. मग पेशी अंग मुडपून एकामागून एक सरकतात. कालव्याचं पाणी पाटांतून वाफ्यांत पसरलं की संथ होतं, तसं महाधमनीत धावणारं रक्त इथे सेकंदाला मिलिमीटरभर जेमतेम चालतं. या रेंगाळण्यातच देवाणघेवाण उरकते.

नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं दोनेक सेकंदांत परत गुलाबी होतं. तो केशवाहिन्यांत परतलेल्या रक्ताचा रंग.

मधुमेहात वाढलेली साखर या भिंती बिघडवते. डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या वाहिन्या आधी भोगतात. नजर चांगली असताना डॉक्टर पडदा तपासायला सांगतात ते याचसाठी. "नसा मोकळ्या करणारा" काढा या गळक्या भिंतींना काय करणार, हे विकणाऱ्याला विचारा.

व्यायामाने मात्र फरक पडतो. राबणाऱ्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की तो रासायनिक निरोप धाडतो, आणि जुन्या केशवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हे ऐकल्यापासून भाचा विचारतोय, त्याचे स्वतःचे स्नायू किती किलो.