पेयांमधला ऊस (कोल्हापूर)

कोल्हापूर जिल्ह्यातला ऊस रस, गूळ, साखर आणि मळी (साखर काढून उरलेला काळा पाक) अशा चार वाटांनी पेयांमध्ये जातो. तो कुणाच्या रानातला, कसा पिकवलेला आणि कुणी तोडलेला, याचा माग ठेवणं म्हणजे पेयांच्या धंद्यातली जबाबदार खरेदी, बाकी सगळी जाहिरात. वाट जेवढी लांब तेवढा हा माग लवकर तुटतो, गोची तिथंच आहे.

सगळ्यात छोटी वाट रसवंतीची. चरकाला घुंगरू, कोपऱ्यात मोळी उभी, आलं-लिंबू हाताशी, आणि मालकाला विचारलं की ऊस कुठला तर तो सरळ गाव सांगतो, कधीकधी शेतकरी पण. इथं घोळ होतो तो उसाचा नाही तर बर्फाचा, कारण मासळी-बिसळी थंड ठेवायचा बर्फ रसात यायचा, म्हणून २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग टाकायचा नियम आला. आणि नैसर्गिक आहे म्हणून घटाघटा प्यायचं पण काम नाही, १०० मिलि रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते म्हणजे कोल्ड्रिंकपेक्षा जास्तच.

दुसरी वाट गुळाची. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराचं बस्तान तिथं बसलं, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. गुऱ्हाळावर एका आदणाला (एका वेळी कढईत उकळायच्या रसाला) बहुतेक एकाच रानातला ऊस असतो त्यामुळं ढेप कुठली हे सांगता येतं, निदान सांगता यायला पाहिजे. आता गेल्या काही वर्षांत गुळाच्या चहाची दुकानं चौकाचौकात निघालीत आणि सगळ्यांच्या बोर्डावर 'केमिकल फ्री गूळ' लिहिलेलं असतं. यातली मेख अशी, की बाजारात पिवळाधमक गूळ चढ्या भावानं जातो आणि काळपट गूळ मागं पडतो, मग गुऱ्हाळवाला हायड्रॉस नावाची रंग उजळायची पावडर टाकतो, आणि ज्या गिऱ्हाईकानं रंग बघून ढेप उचलली तेच नंतर केमिकलच्या नावानं ओरडतं. जुन्या पद्धतीत उकळत्या रसातला मळ काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात, तेवढ्यावर पण गूळ छान होतो, फक्त रंग तांबूस-तपकिरी येतो. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राची को ९२००५ ही जात तर गुळासाठीच नावाजलेली आहे. (गुळाचा चहा फाटतो तो गुळातल्या आम्लामुळं, गूळ सगळ्यात शेवटी घालायचा, हे फुकटात.)

तिसऱ्या वाटेवर म्हणजे साखर कारखान्यात माग खऱ्या अर्थानं हरवतो. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, लागणीची तारीख, सगळं वजनकाट्यापर्यंत लिहिलेलं असतं, पण एकदा ऊस गव्हाणीत, म्हणजे गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर पडला की हजारो शेतकऱ्यांचा रस एकत्र होतो आणि पोत्यावर राहतो फक्त कारखान्याचा शिक्का. कोल्हापूरचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) चांगला, १२ टक्के धरला तर एका टनाची १२० किलो साखर, आणि १०० मिलि कोल्ड्रिंकमध्ये १०-११ ग्रॅम साखर म्हटल्यावर पावलीटरच्या साडेचार हजार बाटल्या झाल्या की ओ. बाटलीवाले साखर फार चिकित्सेनं घेतात, साधी गंधक वापरून केलेली साखर त्यांना नको असते, रिफाइंड लागते, रंग इकुम्सा या साखरेच्या आंतरराष्ट्रीय मापावर मोजतात, गढूळपणा बघतात. म्हणजे दाण्याची तपासणी कडक. रानाची तपासणी आत्ता आत्ता कुठं सुरू झाली. २००८ च्या सुमारास उभं राहिलेलं बॉन्सुक्रो नावाचं प्रमाणपत्र पाणी, खतं, मजूर, कायदे असं सगळं बघतं, पण त्यात क्रेडिट विकायची पण सोय आहे, म्हणजे प्रमाणपत्र एका रानाचं आणि बाटलीतली साखर भलत्याच रानाची असू शकते.

आणि रानात काय बघायचं तर आधी पाणी. शिरोळ तालुक्यात नदीवरून उपसा, काळी जमीन, भरमसाट पाणी आणि पोतीच्या पोती खत, यानं हजारो एकर क्षारपड झालं, वर पांढरा थर आणि ऊस पिवळा. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं तिथं जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आणि नापीक रानात परत ऊस उभा राहिला, हे काम बघण्यासारखं आहे. पाचट (उसाचा वाळका पाला) न जाळता सरीत ठेवणं आणि ठिबक, हे सांगायला सोपं, पण तोडणीला टोळी मिळत नसली की फड पेटवून द्यायचा मोह होतोच.

तोडणी ही सगळ्यात दुखरी जागा. दिवाळीच्या आसपास बीडकडची माणसं येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांवर २०१९ मध्ये राज्य सरकारनं समिती नेमली, २०२४ मध्ये महाराष्ट्रातली ही साखर दोन मोठ्या अमेरिकन कोल्ड्रिंक कंपन्यांपर्यंत कशी पोचते हे अमेरिकेच्या पेपरात छापून आलं, तेव्हा कुठं जगाला कळलं. इकडं शेतकरी पण वैतागलेला, त्याला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत मिळायला पाहिजे असा कायदा, तरी त्यासाठी दरवर्षी जयसिंगपूरला शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते, वर टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री म्हणून वरचे पैसे द्यायचे ते वेगळेच.

चौथी वाट मळीची. देशी दारू आणि भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की-रमचं स्पिरिट मळीपासून होतं. एका टन उसाच्या मळीतून साधारण दहा लिटर अल्कोहोल, आणि प्रत्येक लिटरमागं ८ ते १५ लिटर काळं, उग्र वासाचं सांडपाणी, त्याला स्पेंट वॉश म्हणतात. ते नदीत गेलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे तरंगायला लागतात. नियमानं एक थेंब बाहेर सोडायचा नाही, त्यातून बायोगॅस काढायचा, उरलेलं आटवून बॉयलरमध्ये जाळायचं नाहीतर प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या चोथ्यात) मुरवून कंपोस्ट करायचं, राखेतला पोटॅश परत रानाला जातो.

एक पाचवी वाट पण आहे, ती कुणी धरत नाही. तोडणीत निघालेलं वाढं (उसाचा हिरवा शेंडा) टोळीवाले पेंढ्या बांधून विकतात, ते म्हशींना घालतात, आणि रात्री कोल्हापुरातल्या गंगावेशच्या दूध कट्ट्यावर त्याच म्हशी समोर उभ्या करून धार काढून ग्लास हातात देतात.