पार्श्वभूमी : गुडघ्याचे ‘९० टक्के’ आले कुठून?

एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या एका मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन होऊन सहा-सात महिने झालेल्या खेळाडूच्या फाइलमध्ये हमखास एक ओळ सापडते : ‘क्वाड्स एलएसआय ९० टक्के, खेळायला हरकत नाही.’ (क्वाड्स म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू; एलएसआयचा अर्थ पुढे येतोच.) खेळाडू तिचा मोबाइलवर फोटो काढून प्रशिक्षकाला पाठवतो आणि पुढच्या स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव लागतं. कबड्डीच्या वर्तुळात हे सर्रास चालतं. ९० टक्के म्हणजे नेमके कशाचे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. गुडघा ९० टक्के बरा झाला, असाच त्याचा अर्थ घेतला जातो. या आकड्यामागचा प्रवास पाहिला, तर तो अर्थ टिकत नाही.

स्नायूंचं बळ मोजायची गरज आधी पडली ती पोलिओमुळे. १९१०च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य भागात पोलिओच्या साथी आल्या, तेव्हा मुलांच्या कोणत्या स्नायूत किती जोर उरलाय हे हाताने रेटून पाहायची पद्धत बसवली गेली. शून्य ते पाच ही आज प्रत्येक फिजिओला पाठ असलेली श्रेणी १९४३मध्ये ब्रिटनमध्ये, युद्धातल्या मज्जातंतूंच्या जखमांसाठी छापली गेली. मुंबईत फिजिओथेरपीचं रीतसर शिक्षण सुरू झालं तेही १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्याच निमित्ताने, परळच्या पालिका रुग्णालयात. त्यामुळे हाताने तपासायची ही रीत आपल्याकडे फार खोल मुरली. पोलिओसाठी ती उत्तमच होती. खेळाडूच्या मांडीसाठी तिचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. तपासणाऱ्याचा हात थकेल इतका जोर तर कमजोर मांडीतही असतो, आणि ‘पाचपैकी पाच’ शेरा मिळालेल्या दोन पायांत सहज ३० टक्क्यांचा फरक निघू शकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोतल्या एका लष्करी रुग्णालयात गुडघ्याचे आणि मांडीच्या हाडाचे जखमी इतके साचले की खाटा पुरेनात. तोवर अशा पायांना हलका व्यायाम बराच वेळ द्यायची पद्धत होती. तिथल्या एका तरुण डॉक्टरला स्वतःला वजनं उचलायचा नाद होता. त्याने पेशंटच्या पायात लोखंडी बूट बांधला, बुटाला वजनं अडकवली आणि दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतकं वजन हाच पाया धरला. १९४५च्या त्याच्या लेखात सत्तर ते शंभर उचली सांगितल्या होत्या. तीन वर्षांत त्या तीन फेऱ्यांवर आल्या : आधी निम्मं वजन, मग पाऊण, मग पूर्ण. १९५१मध्ये ऑक्सफर्डहून नेमका उलटा क्रम सुचवला गेला, आधी पूर्ण वजन आणि मग उतरत जायचं. आज जिममधला पोरगाही ‘तीन सेट, दहा रेप’ म्हणतो, ते या लोखंडी बुटातून आलेलं आहे.

१९६७मध्ये अमेरिकेत आयसोकायनेटिक यंत्राच्या कल्पनेवरचे पहिले लेख आले आणि बळाला आकडा मिळाला. खुर्चीत बसवून छाती, कंबर आणि मांडी पट्ट्यांनी करकचून आवळतात. नडगी यंत्राच्या दांड्याला बांधतात. दांडा ठरलेल्या वेगानेच फिरतो, बहुधा सेकंदाला ६० अंश. तुम्ही कितीही जोरात लाथ मारा, वेग वाढत नाही. तुमचा जोर तेवढा न्यूटन-मीटरमध्ये पडद्यावर उमटतो. चांगल्या मांडीचा आलेख गोल घुमटासारखा येतो. ऑपरेशन झालेल्या मांडीचा मधेच खचतो, बाजूला उभ्या असलेल्या घरच्या माणसालाही दिसावा इतका. हे यंत्र काही लाखांचं असतं. जिल्ह्याच्या ठिकाणी ते क्वचितच दिसतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवं.

मांडी आटते ती केवळ पाय वापरात नसल्यामुळे, हा समज १९८४च्या एका प्रयोगाने ढिला झाला. निरोगी माणसांच्या गुडघ्यात सलाइन सोडलं, तर जेमतेम २० ते ३० मिलिलिटरला, म्हणजे चार ते सहा छोट्या चमच्यांना, मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. बाहेरचा आणि मधला मंदावायला ५० ते ६० मिलिलिटर लागले. गुडघा सुजला की मज्जासंस्थाच स्नायूला आवरते. ऑपरेशननंतर पेशंट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबतो, घामाघूम होतो आणि वाटी हलतच नाही. घरचे म्हणतात ‘मनापासून करत नाही’. त्यात त्याचा दोष नसतो.

त्या काळी ऑपरेशननंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये किंवा वाकवून ब्रेसमध्ये ठेवत. १९९०मध्ये अमेरिकेतल्या इंडियानातून जो लेख आला, त्याची कथा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. तिथल्या सर्जनच्या लक्षात आलं की सांगितलेलं न ऐकणारे पेशंट अधिक लवकर आणि अधिक चांगले बरे होताहेत. लवकर पाय टाकणारे, कुबड्या फेकून देणारे. मग त्या न ऐकण्यालाच पद्धत बनवलं गेलं : पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ, लगेच पायावर भार, आणि चार ते सहा महिन्यांत मैदान. ‘सहा महिने’ हा आपल्याकडे अजून घट्ट बसलेला आकडा मुख्यतः त्या लाटेचा आहे.

त्याच दशकात खुल्या आणि बंद साखळीचा वाद पेटला. पाय हवेत मोकळा असला तर खुली साखळी (लेग एक्स्टेन्शनचं मशीन), पाऊल जमिनीला टेकलेलं असलं तर बंद (स्क्वॉट). हे शब्द यंत्रशास्त्रातून उसने आणलेले, आणि शरीराला नीट बसतही नाहीत. मशीनवर नवं लिगामेंट ताणलं जातं म्हणून ते वर्ज्य आणि स्क्वॉट सुरक्षित, असं ठरून गेलं. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मात्र जिवंत माणसांच्या शाबूत लिगामेंटवर बारीक मापक बसवून ताण मोजला, तेव्हा साध्या स्क्वॉटला सुमारे ३.६ टक्के ताण निघाला आणि पायाला ४५ न्यूटनचं वजन बांधून गुडघा सरळ करताना सुमारे ३.८. एवढ्या फरकासाठी एका पिढीच्या खेळाडूंना मशीनपासून लांब ठेवलं गेलं. स्क्वॉट करताना शरीर हुशारीने भार नितंबांवर आणि दुसऱ्या पायावर ढकलतं, आणि मांडीचा पुढचा स्नायू तसाच अर्धपोटी राहतो. ही भीती आजही कित्येक क्लिनिकच्या भिंतीवरच्या तक्त्यांत शिल्लक आहे.

आता मूळ मुद्दा. एलएसआय, म्हणजे लिंब सिमेट्री इंडेक्स, हे साधं त्रैराशिक आहे : दुखऱ्या पायाचा आकडा भागिले चांगल्या पायाचा, गुणिले शंभर. हा निर्देशांक रुजला तो मुख्यतः लंगडीसारख्या उडीतून. यंत्र नसलं तरी टेप असतोच. एका पायावर लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं, अंतर मोजायचं. १९९१मध्ये अमेरिकेत अशा चार उड्यांचा संच तपासला गेला. बहुतेक निरोगी लोक ८५ टक्क्यांच्या वर होते, म्हणून ८५ ही सामान्यतेची रेघ मानली गेली. पण त्याच अभ्यासात एक अडचण लिहून ठेवलेली होती : लिगामेंट तुटलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे एकेरी उडीत सामान्यच ठरत होते. ती ओळ मागे पडली आणि रेघ पुढे गेली.

८५चे ९० पुढच्या वीस वर्षांत झाले. एखाद्या अभ्यासाने मोजून काढलेला हा आकडा नव्हे. तज्ज्ञांच्या सहमतीतून, एकमेकांचे निकष उचलत तो स्थिर झाला. २०११मध्ये युरोपातल्या एका गटाने वळणाच्या आणि धक्क्याच्या खेळांसाठी ताकद १०० टक्केच हवी, ९० हौशी लोकांसाठी ठीक, असं सुचवलं. कबड्डी, फुटबॉल, हँडबॉल यांना १००चा निकष लागायला हवा होता. प्रचारात राहिला ९०च.

खरी गडबड छेदात आहे. ‘चांगला’ पाय ऑपरेशननंतर चांगला राहत नाही. सहा महिने माणूस धावत नाही, उड्या मारत नाही, जपून चालतो. दोन्ही मांड्या उतरतात. समजा, दुखापतीआधी प्रत्येक मांडीचा जोर २०० न्यूटन-मीटर होता. सहा महिन्यांनी चांगला पाय १६०वर आला आणि दुखरा १४४वर. भागाकार करा : बरोबर ९०. मूळच्या २००शी ताडून पाहिलं तर ७२. फाइलमध्ये पहिला आकडा जातो.

२०१७मध्ये अमेरिकेत हीच शंका ७० खेळाडूंवर तपासली गेली. सहा महिन्यांनी ताकद आणि उड्या दोन्हींत ९० टक्के गाठणारे ४० निघाले. छेदात ऑपरेशनच्या आधी मोजलेला चांगल्या पायाचा आकडा घातला, तेव्हा उरले २०. पुढे ज्या ११ जणांचं लिगामेंट पुन्हा गेलं, त्यांतले आठ जण ९०ची परीक्षा उत्तीर्ण झालेले होते. अकरा ही संख्या लहान आहे, आणि ९०चे समर्थक तेच म्हणतात. त्यांच्या बाजूचा भक्कम पुरावा २०१६चा आहे, नॉर्वे आणि अमेरिकेतल्या शंभराहून थोड्या अधिक पेशंटांचा. त्यात निकष न गाठता खेळणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा दोन वर्षांत पुन्हा दुखावला. गाठलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मैदानात परतणं एक महिना लांबवलं की धोका निम्म्यावर येत होता, आणि हा फायदा नऊ महिन्यांपर्यंत टिकत होता. सहा महिन्यांची जुनी मुदत खरी मोडली ती इथे. पण ९० म्हणजे दार उघडलं, असं या अभ्यासातूनही निघत नाही. ९०च्या खाली धोका जास्त, एवढंच निघतं.

उडीबद्दलही अलीकडे बरंच हाती आलं आहे. लांब उडीचा रेटा घोट्यातून आणि कमरेतून येतो. त्यात गुडघ्याचा वाटा जेमतेम एक अष्टमांश. गुडघ्याची खरी कसोटी उतरताना लागते, आणि टेप अंतर मोजतो, उतरणं नाही. त्यामुळे उडी ९७ टक्के आणि गुडघ्याचं काम सत्तरच्या आत, असे खेळाडू प्रयोगशाळेत सापडतात. यंत्र नाही म्हणून उडीवर भागवणाऱ्या आपल्याकडच्या ठिकाणी हे सर्वांत जास्त लागू आहे.

त्यात चढाईपटूचे दोन पाय मुळात सारखे नसतात. एक पाय मारण्याचा, एक रोवण्याचा; वर्षानुवर्षं वळायचं तेही ठरलेल्या पायावर. मातीत अनवाणी खेळताना पाऊल थोडं सरकायचं, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि गुडघा फिरतो, असं जुने खेळाडू सांगतात. रोवण्याच्या पायाचं ऑपरेशन झालं असेल, तर मारण्याच्या पायाशी केलेली तुलना आधीच तिरकी. आणि मोजपट्टी म्हणून धरलेला हा दुसरा पायही सुरक्षित नाही. २०१६च्या एका एकत्रित विश्लेषणात पुन्हा लिगामेंट जाण्याचं प्रमाण ऑपरेशन झालेल्या गुडघ्यात सात टक्के होतं आणि दुसऱ्या गुडघ्यात आठ. पंचवीशीच्या आतल्या, खेळात परतलेल्यांत एकूण प्रमाण २३ टक्क्यांवर गेलं.

म्हणून काही ठिकाणी आता भागाकारच टाळतात आणि जोर शरीराच्या वजनाशी ताडतात. किलोमागे ३ न्यूटन-मीटरच्या आसपासचा आकडा वापरात आहे. व्यावसायिक संघ हंगामाआधीच प्रत्येकाचे आकडे नोंदवून ठेवू शकतात. तालुक्याच्या खेळाडूला ते शक्य नसतं. पण दुखापत आणि ऑपरेशन यांच्यामध्ये बहुधा काही आठवडे जातात, आणि त्यात सूज उतरल्यावर चांगला पाय जिमच्या लेग एक्स्टेन्शन मशीनवर एकट्याने किती वजन सरळ करतो हे पाहायला पंधरा मिनिटं पुरतात. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर, तारखेसह लिहिलेला असला, तर सहा महिन्यांनी भागायचं कशाने हा प्रश्न उरत नाही.