तुर्कस्तानातील राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा (1929–33)

तुर्की प्रजासत्ताकाच्या आरंभकाळात इस्तंबूलच्या जुम्हुरियेत या दैनिकाने भरवलेली राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा. पहिली स्पर्धा सप्टेंबर 1929 मध्ये झाली व 1933 नंतर ती खंडित झाली. 1932 ची विजेती केरिमान हालिस (1913–2012) हिला त्याच वर्षी बेल्जियममधील स्पा येथे ‘विश्वसुंदरी’ हा किताब मिळाल्याने या अल्पजीवी उपक्रमाला तुर्कस्तानच्या आधुनिक इतिहासात स्थान मिळाले.

या स्पर्धेचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काही सूचींत आराक्सी चेतिन्यान या आर्मेनियन तरुणीचे नाव पहिली विजेती म्हणून येते. ती स्पर्धा इस्तंबूलच्या बेयोलू भागातील मेलेक चित्रपटगृहात झाल्याचे सांगतात. तिचे वर्ष कोठे 1925, तर कोठे 1926 असे दिले जाते. संयोजक म्हणून इपेक फिल्म या संस्थेचा उल्लेख होतो. परंतु ही संस्था चित्रपटनिर्मितीत उतरली ती 1928 च्या सुमारास. त्यामुळे तिचे चालक व चित्रपटगृहांचे व्यावसायिक असलेले ‘इपेकची’ आडनावाचे बंधू यांच्याकडे ते श्रेय देणे अधिक सयुक्तिक ठरते. ही स्पर्धा अव्यवस्थित झाली व तिचा निकाल ग्राह्य धरला गेला नाही, असे बहुतेक लेखक मानतात. विजेती बिगरमुस्लिम असल्यामुळे तिचे नाव पुढे मागे पडले, असेही एक मत आहे. ते अगदीच टाकाऊ नाही. तथापि देशभरातून प्रवेशिका मागवणे, नियम आधी जाहीर करणे आणि निवड परीक्षक मंडळाकडे सोपवणे या कसोट्या लावल्यास 1929 हेच आरंभवर्ष धरणे इष्ट दिसते.

जुम्हुरियेत हे दैनिक यूनुस नादी यांनी 1924 मध्ये काढले. नादी हे राष्ट्रीय सभेचे (संसदेचे) सदस्य व प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मुस्तफा केमाल (अतातुर्क) यांच्या विश्वासातले. म्हणून ही स्पर्धा म्हणजे केमालवादी राजवटीचाच एक कार्यक्रम होता, असे अनेकदा लिहिले जाते. कालक्रम पाहता दुसरे एक कारण अधिक निकटचे वाटते. नोव्हेंबर 1928 मध्ये अरबी लिपीऐवजी लॅटिन लिपीचा कायदा झाला आणि डिसेंबरपासून वृत्तपत्रांना नव्या लिपीत छापणे भाग पडले. जुना वाचक नव्या अक्षरांपुढे अडखळला आणि सर्वच पत्रांचा खप घसरला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच, फेब्रुवारी 1929 मध्ये, जुम्हुरियेतने ‘तुर्कस्तानची सर्वांत सुंदर स्त्री कोण?’ अशा आशयाची घोषणा केली. ज्या पानावर मजकुराइतकीच छायाचित्रे बोलतात, ते पान चाचपडत वाचणाऱ्यालाही विकत घ्यावेसे वाटते. उपक्रम वृत्तपत्राचा होता आणि राजवटीने त्याचा लाभ उठवला, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

इच्छुक तरुणींनी छायाचित्रे पाठवायची, ती दैनिकात छापली जायची, वाचकांचा कौल घेतला जायचा आणि अखेरची निवड परीक्षक मंडळ करायचे, अशी साधारण पद्धत होती. प्रवेशासाठी वयोमर्यादा होती, स्पर्धक अविवाहित असणे आवश्यक होते व तिच्या चारित्र्याविषयीही अट होती. स्पर्धक घरंदाज असावी, यावर दैनिकाचा कटाक्ष होता. मुलीचे छायाचित्र परक्यांच्या हाती पडण्यास बिचकणाऱ्या कुटुंबांना धीर देण्याचा तो मार्ग असावा. 2 सप्टेंबर 1929 रोजी फेरिहा तेवफिक ही पहिली विजेती ठरली. पुढे ती चित्रपटांतून चमकली. 1930 मध्ये म्युबेजेल नामिक, 1931 मध्ये नाशिदे साफेत आणि 1933 मध्ये नाझिरे हानुम या विजेत्या झाल्या.

1932 च्या स्पर्धेत जुलैच्या आरंभी केरिमान हालिस निवडली गेली. तिचे घराणे चेर्केस (कॉकेशस प्रदेशातील एक लोकसमूह) वंशाचे. संगीतकार मुहलिस सबाहत्तीन हे तिचे नातलग होत. 31 जुलै रोजी स्पा येथे तिला किताब मिळाला. तुर्की वृत्तांतांनुसार तेथे 28 देशांच्या प्रतिनिधी होत्या. हा किताब 1952 मध्ये सुरू झालेल्या आजच्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेचा नव्हे. अमेरिकेतील टेक्सस राज्यात गॅल्व्हस्टन येथे 1926 पासून एक आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धा भरे. ती 1931 नंतर तेथे थांबली आणि तिचाच वारसा सांगणारी स्पर्धा 1932 मध्ये स्पा येथे झाली. दोन्ही किताब एकच समजण्याची चूक वृत्तपत्रांतून वारंवार होते.

विजयानंतर केमाल यांचे निवेदन जुम्हुरियेतमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तुर्की वंशाच्या सौंदर्याचा गौरव होता, तसेच उच्च संस्कृती व सद्गुण यांतही तुर्की स्त्रीने अग्रेसर राहावे अशी अपेक्षा होती. वंशाची ही भाषा तत्कालीन संदर्भातच वाचावी लागते. त्याच जुलैमध्ये अंकारा येथे पहिली तुर्की इतिहास परिषद भरली होती आणि तुर्क हे मध्य आशियातून आलेले गौरवर्णी, प्राचीन संस्कृतिनिर्माते लोक होत, हा सिद्धांत तीत मांडला गेला होता. पाश्चात्त्य परीक्षकांनी तुर्की तरुणीला दिलेला कौल या सिद्धांताला आयता पुरावा म्हणून उपयोगी पडला. 1934 मध्ये प्रत्येकाला आडनाव घेणे बंधनकारक करणारा कायदा झाल्यावर केमाल यांनी केरिमानला ‘एजे’ (राणी) हे आडनाव दिले.

स्पा येथील परीक्षक मंडळाच्या अध्यक्षाने हा निकाल म्हणजे ख्रिस्ती जगाचा इस्लामवरील विजय होय, असे भाषण केले, अशी एक कथा तुर्कस्तानातील धार्मिक लेखनात पुढे रूढ झाली. तिला समकालीन आधार दाखवला गेलेला नाही. तिची शब्दयोजनाही नंतरच्या काळातील वादविवादांची वाटते. तेव्हा ती रचित मानावी.

1933 नंतर स्पर्धा का थांबली, याची कारणे निरनिराळी दिली जातात. विरोधकांची टीका पहिल्या वर्षापासून होतीच. दरम्यान स्त्रियांना 1930 मध्ये नगरपालिका निवडणुकांत व डिसेंबर 1934 मध्ये राष्ट्रीय सभेसाठी मतदानाचा हक्क मिळाला. आधुनिक तुर्की स्त्रीचे चित्र जगापुढे ठेवण्यास आता महिला लोकप्रतिनिधी उपलब्ध होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पर्धा पुन्हा भरू लागल्या. त्यांतील 1951 ची विजेती ग्युन्सेली बाशार हिने 1952 मध्ये ‘मिस युरोप’ हा किताब मिळवला.