रेडिओहेड

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधील रॉक बँड. थॉम यॉर्क (गायन), जॉनी ग्रीनवुड व एड ओब्रायन (गिटार), जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन (बेस) आणि फिलिप सेल्वे (ड्रम्स) हे पाचही जण ॲबिंग्डन शाळेतले. १९८५ मध्ये जमलेल्या या मुलांचा सराव शुक्रवारी चाले, म्हणून पहिले नाव ‘ऑन अ फ्रायडे’. १९९१ मध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाल्यावर टॉकिंग हेड्स या अमेरिकी बँडच्या एका गाण्यावरून आजचे नाव घेतले. संगीत पार बदलले, माणसे मात्र तीच राहिली.

‘क्रीप’ (१९९२) हे गाणे गाजले. त्यात ध्रुवपद सुरू होण्याआधी जॉनीची गिटार खर्रकन ओरबाडल्यासारखी वाजते. संथ गाणे त्या क्षणी फाटते. ‘ओके कम्प्युटर’ (१९९७) या अल्बमचे बरेचसे ध्वनिमुद्रण बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात झाले. एका गाण्यासाठी यॉर्क तिथल्या दगडी जिन्यात गायला. ती घुमणी ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते.

गिटारच्या रॉकमध्ये इतके यश मिळाल्यावर त्याच वाटेने चालत राहणे सोपे होते. ‘किड ए’ने (२०००) ती वाट सोडली. गिटार मागे सरली. सिंथेसायझर, संगणकाने कापलेला आवाज, जॅझचे ब्रास आणि ओंद मार्तनो हे जुने फ्रेंच विद्युतवाद्य पुढे आले. पहिल्याच गाण्याचे आवर्तन दहा मात्रांचे आहे. झपतालावर वाढलेल्या कानाला ते मोजता येईल, पण खंड वेगळे पडतात. याच अल्बममधल्या ‘इडिओटेक’चा पाया अमेरिकी संगीतकार पॉल लान्स्की यांच्या १९७३ च्या संगणकसंगीतातील एका तुकड्यावर उभा आहे. एकही सिंगल (सुटे गाणे) न काढता हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. बँडचे सर्वांत धाडसी काम हेच.

ईएमआयचा करार संपल्यावर ‘इन रेनबोज’ (२००७) हा अल्बम त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर ‘हवी ती किंमत द्या’ म्हणून ठेवला. जॉनी चित्रपटसंगीताकडेही वळला. २०१५ मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर व राजस्थानी वादकांबरोबर त्याने ‘जुनून’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला.

या बदलांना निव्वळ प्रयोगांची हौस म्हणणे अन्यायाचे आहे. ‘ट्रू लव्ह वेट्स’ यॉर्कने १९९५ मध्ये साध्या गिटारवर मंचावर गायले होते. त्याचे स्टुडिओतले रूप आले २०१६ मध्ये, ‘अ मून शेप्ड पूल’ या अल्बमच्या अखेरीस. तिथे गिटार नाही. पियानोचे सूर थेंबांसारखे एकमेकांवर पडत राहतात आणि आवाज अगदी जवळ येतो.