मुक्त फर्मवेअरचा हॅण्डसेट घ्यायचाय? आधी हॅम परवाना काढा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वीज आणि मोबाईल दोन्ही गेले. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी टॉवरवाचून बोलू शकणारा, बॅटरीवरचा वायरलेस सेट गावात असावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्याची ही माहिती.

क्वानशेंग यूव्ही-के५ सारख्या स्वस्त हॅण्डसेटवर हौशी मंडळींनी लिहिलेलं खुलं फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, चढवता येतं. ‘ओपनआरटीएक्स’ हे असंच एक फर्मवेअर टीवायटी कंपनीच्या काही सेटवर चालतं आणि थोडं सोल्डरिंग केलं की त्यांवर ‘एम१७’ हा आवाज डिजिटल रूपात पाठवण्याचा पूर्णपणे खुला प्रकारही वापरता येतो. शिकणाऱ्याला याच्याइतकी चांगली शाळा नाही. पण सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलेल हे आता कारखाना नव्हे, तुम्ही ठरवता. म्हणून परवाना आधी, सेट नंतर.

परवाना देतो केंद्राच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभाग. भारतीय नागरिक आणि वय किमान १२ वर्षं, एवढं असलं की परीक्षेला बसता येतं. पदवी लागत नाही. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर ऑनलाईन भरायचा. फोटो, सही, ओळखपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे आधी पाहा. आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल, तर ते दुरुस्त करूनच पुढे जा.

परीक्षेचे दोन दर्जे आहेत: रिस्ट्रिक्टेड आणि त्याच्या वरचा जनरल. रिस्ट्रिक्टेडमध्ये रेडिओचं तंत्र आणि नियम असे दोन विभाग. प्रत्येकात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. जनरलमध्ये हेच आकडे ५० आणि ५५ होतात, शिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) यावा लागतो. हॅण्डसेटपुरतं बोलायचं असेल तर रिस्ट्रिक्टेडने सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमांचा विभाग सोपा समजून सोडू नका. तिथे अडलात तर एकूण गुण पुरेसे असूनही नापास व्हाल.

पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. त्याच्या आधारे परवान्यासाठी अर्ज करायचा. २० वर्षांच्या परवान्याचं शुल्क १,००० रुपये, आजीवन परवान्याचं २,०००. रिस्ट्रिक्टेडचं कॉल साइन, म्हणजे हवेवरची तुमची ओळख, ‘व्हीयू३’ने आणि जनरलचं ‘व्हीयू२’ने सुरू होतं.

आता कोकणातली खरी गोष्ट. आपल्याला व्हीएचएफ आणि यूएचएफ या दोन फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांत अनुक्रमे १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मिळतात. खुल्या फर्मवेअरमध्ये प्रक्षेपण एवढ्यापुरतंच बांधून ठेवा. होड्यांवरच्या सेटचा चॅनल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, समुद्रातल्या संकटाचे संदेश त्यावर येतात. हर्णै-मालवणच्या बंदरात बसून गंमत म्हणूनही तिथे पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबू नका, तुमच्या आवाजाखाली कुणाची तरी हाक दबेल. समुद्रात कुणी अडकल्याचं कळलं तर तटरक्षक दलाचा १५५४ लावा. गुप्त संकेतांत बोलणं, धंद्याचे निरोप, गाणी वाजवणं हेही बंद. फर्मवेअरमध्ये एन्क्रिप्शनची, म्हणजे बोलणं गुप्त करण्याची, सोय दिसली तरी तिला हात लावू नका.

दरीतल्या वाडीतून पाच वॅटचा सेट फार लांब जाणार नाही. मधे डोंगर येतो. सड्यावर (डोंगरावरच्या सपाट कातळावर) चढलात तर त्याच सेटची मजल कितीतरी वाढते. परदेशातून सेट मागवणार असाल, तर आयातीसाठी डब्ल्यूपीसीच्या अटी ऑर्डरआधीच वाचा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकेल.

शेवटचं, पत्त्याचं. आपल्याकडे घर गावात आणि बिऱ्हाड मुंबईत असतं. अर्जात स्टेशन, म्हणजे तुमचा सेट, जिथे खरंच राहणार आहे तोच पत्ता द्या, आणि मुक्काम कायमचा हलवलात तर विभागाला कळवून परवान्यावर बदल करून घ्या.