मावशीची 20 मिलिग्रॅमची गोळी

बेळगावच्या शहापुरातल्या एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली आणि आवाज उतरवून विचारलं, "पेशंट कोण म्हणायचं?" म्हटलं, मावशी. येळ्ळूरची, वय 52. तो गालातल्या गालात हसला. चिठ्ठीवर होतं सिल्डेनाफिल, 20 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. व्हायग्रात असतं तेच औषध. घरात कुणीतरी हे मावशीच्या कानावर घातलं आणि तिनं दोन दिवस गोळीला हात लावला नाही. "ह्या वयात मला हे कशाला की रे?"

मावशीला झालंय ते फुफ्फुसाचं बीपी. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते नव्हे. ते तिचं 120/80, कुणालाही हेवा वाटावा असं. फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतला दाब मुळातच कमी असतो, सरासरी 14 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. तो 20 च्या वर गेला की वाढला असं धरतात. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतो तो अंदाज. खात्रीसाठी मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून उजव्या हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजावा लागतो.

मावशीच्या आजारात ह्या बारीक धमन्यांच्या भिंती आतून जाड होत जातात. बोअरच्या पाइपमध्ये क्षार धरून भोक निम्मं झालं की काय होतं, हे येळ्ळूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको: पाणी कमी येतं आणि मोटर तापते. इथं मोटर म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. त्याची भिंत डाव्यापेक्षा पातळ, एवढ्या जोराची सवय नसलेली. मावशी भाताची रोपं लावताना धापा टाकायची, चांगळेश्वरीच्या देवळाची वाट दोनदा थांबून चालायची. पाय सुजायला लागले तेव्हा कुठं तपासणी झाली. तोवर वर्षभर सगळे "रक्त कमी आहे" म्हणत होते.

आता गोळीचं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्यानं भिंतीतल्या स्नायूत सीजीएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि स्नायू सैल पडतो. हा रेणू मोडून टाकायला शरीरानं एक विकर (एन्झाइम) ठेवलंय, पीडीई-5. सिल्डेनाफिल त्या विकराचा हात धरतं, म्हणजे स्नायू जास्त वेळ सैल राहतो. हे पीडीई-5 भरपूर आहे ते पुरुषाच्या लिंगात आणि फुफ्फुसाच्या धमन्यांत. गोळीचा बदनाम धंदा आणि मावशीचा उपचार, दोन्ही ह्या एका गोष्टीवर चालतात. मुळात इंग्लंडमध्ये हे औषध तपासत होते छातीच्या दुखण्यासाठी. त्यात जमलं नाही, भलताच परिणाम दिसला आणि 1998 मध्ये व्हायग्रा आली. फुफ्फुसाच्या दाबासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली 2005 मध्ये.

ह्या गोळीनं भागत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत, आणि हल्ली बऱ्याच जणांना सुरुवातीलाच दोन औषधं जोडून देतात. 1988 मध्ये जपानी संशोधकांना एंडोथेलिन सापडलं, रक्तवाहिनी आवळणारं. त्याला अडवणारं बोसेन्टान 2001 मध्ये आलं. ते घेताना दर महिन्याला लिव्हरची तपासणी लागते आणि गरोदरपणात ते अजिबात चालत नाही, गर्भात व्यंग येऊ शकतं. इपोप्रोस्टेनॉल 1995 पासून आहे, पण रक्तात काही मिनिटांतच मोडतं, म्हणून छातीतल्या नळीतून पंपानं रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. लोडशेडिंग आणि पावसाळ्यात बंद पडणारे रस्ते डोळ्यांसमोर आणले की खानापूरच्या जंगलातल्या गावात ते कसं जमावं, हे मला तरी सुचत नाही. 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालेलं सोटाटरसेप्ट भिंतीची वाढच रोखायला बघतं, दर तीन आठवड्यांनी कातडीखाली इंजेक्शन.

आणि साधी बीपीची गोळी? ती मोजक्याच रुग्णांना लागू पडते, कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात नळी घालतात तिथं, चाचणीत धमन्या सैल पडल्या तर. उलट निपाणीकडच्या एखाद्या जुन्या बिडी ओढणाऱ्याची फुफ्फुसं खराब होऊन दाब वाढला असेल, तर मावशीची गोळी त्याला सहसा देत नाहीत. रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरू शकतो. झडप आवळल्यामुळे दाब वाढला असेल तर आधी झडपेचंच बघावं लागतं. "तिला गुण आला, मलाही द्या" हे इथं चालत नाही.

मावशीला गुण आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावतात आणि अंतर मोजतात. पहिल्या खेपेला ती मध्ये भिंतीला टेकली होती. तीन महिन्यांनी न टेकता चालली आणि वर "मोजलं काय नीट?" म्हणून नर्सलाच विचारलं. आजार गेलेला नाही, गोळ्या चालूच राहणार.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोळीची. काकांच्या डबीत सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. ती सिल्डेनाफिलवर पडली तर बीपी धाडकन खाली येतं, जिवावर बेतू शकतं. धाप लागली की शेजारी धावत येऊन हीच गोळी पुढं करणार, हे आपल्याकडे ठरलेलं. म्हणून मावशीच्या डबीच्या झाकणात मी चिठ्ठी चिकटवलीय: "सिल्डेनाफिल चालू आहे. जिभेखाली सॉर्बिट्रेट देऊ नका." वर मराठीत, आणि खाली कॉलेजातल्या मामेभावाकडून लिहून घेतलेलं कन्नडमध्ये, कारण 108 च्या गाडीतून कोण उतरेल ते सांगता येत नाही.